क्रेडिट कार्ड सेटल केलं होतं, आता होम लोन मिळेल का? सिबिल ६९८

मोशीकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. कोविडमध्ये कंपनीने पगार निम्म्यावर आणला, मग काही महिने नोकरीच नव्हती, आणि डोक्यावर एक पर्सनल लोन न् एक क्रेडिट कार्ड. मॉरेटोरियम, म्हणजे हप्ते काही महिने पुढे ढकलायची सवलत, घेतलं होतं पण ते ऑगस्ट २०२० ला संपलं आणि पगार काही रुळावर आला नाही. पर्सनल लोन रखडत रखडत का होईना पूर्ण फेडलं. कार्डाचं मात्र व्याज, लेट फी धरून १ लाख ८५ हजार झाले आणि २०२२ मध्ये बँकेने ८० हजारात वन टाइम सेटलमेंट दिली, म्हणजे तेवढे एकरकमी भरायचे आणि बाकीचे माफ. लेटर आहे, पैसे भरल्याची पावती आहे. त्यानंतर कुणाचा रुपया थकवलेला नाही.

आता पुण्याजवळ मोशीत ४८ लाखांचा टू बीएचके बघितलाय, नवीन प्रोजेक्ट आहे. माझ्या हातात ७२ हजार येतात, बायकोच्या ३८. साठवलेले १४ लाख आहेत. सिबिल, म्हणजे क्रेडिट स्कोर, ६९८ दाखवतंय आणि त्या कार्डापुढे अजून 'सेटल्ड' लिहिलेलं आहे. एक डीएसए, म्हणजे कमिशनवर बँकांना लोनच्या फाइली देणारा एजंट, म्हणतो सगळ्या बँकांत फाइल टाकतो, कुठेतरी होऊन जाईल. ऑफिसमधला एकजण म्हणतो सात वर्षं थांब, आपोआप पुसलं जातं. सासरे म्हणतात लोन आमच्या मुलीच्या एकटीच्या नावावर घ्या, विषय संपला. आणि बँकेत चौकशी केली तर मॅडम म्हणाल्या माफ झालेले १ लाख ५ हजार भरून टाका आणि मग या. ते भरले तर डाउन पेमेंटला कमी पडतात. कुणी यातून गेलंय का? काय करू?

चहाटळ
भावा, आधी त्या डीएसएला आवर. तो जितक्या बँकांत फाइल टाकेल तितक्या इन्क्वायरी, म्हणजे बँकेने रिपोर्ट काढल्याच्या नोंदी, तुझ्या रिपोर्टवर चढणार आणि महिन्याभरात सात-आठ इन्क्वायरी दिसल्या की पुढची बँक समजते की हा सगळीकडून नकार खाऊन आलाय. त्याचं काय जातं, एक फाइल पास झाली तरी त्याचं कमिशन सुटतं.

तू स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघ, स्कोर कमी होत नाही. आणि नुसता सिबिलचा बघू नकोस, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन क्रेडिट कंपन्यांचे पण बघ. चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. माझं कार्ड एकीकडे क्लोज्ड (पूर्ण फेडून बंद) आणि दुसरीकडे सेटल्ड दिसत होतं, आणि मी ज्या हाउसिंग फायनान्सवाल्याकडे गेलो तो नेमका दुसरीचा रिपोर्ट काढायचा.

मी पण सेटलमेंटवालाच आहे. मी एफडीवर कार्ड घेतलं. बँकेत एफडी करायची, त्यावर ७५-८० टक्के लिमिटचं कार्ड मिळतं, सिबिल कसंही असलं तरी सहसा देतात कारण बँकेचा पैसा सेफ असतो. त्यावर पेट्रोल, किराणा एवढंच घ्यायचं, लिमिटच्या पाव हिश्शाच्या वर जायचं नाही आणि ड्यू डेटच्या आधी पूर्ण बिल भरायचं, मिनिमम ड्यू नाही, पूर्ण. कंटाळवाणं काम आहे पण स्कोर वर आला तो त्यानेच.

आकडेमोड
सासरेबुवांचा हिशोब आधी बघू. बायकोच्या हातात ३८ हजार, बँक साधारण निम्म्यापर्यंत ईएमआय धरते, म्हणजे १९ हजार. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं लोन धरलं तर लाखाला ८६८ रुपये ईएमआय पडतो, म्हणजे तिच्या एकटीच्या नावावर २२ लाखांच्या आसपास. उरलेले २६ लाख कुठून आणणार? विषय तिथेच संपतो, सासऱ्यांना कळवा.

दोघांच्या नावावर घेतलं तर ३० ते ७५ लाखांच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे ३८.४० लाख. खिशातून ९.६० लाख. त्यावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ३.३६ आणि रजिस्ट्रेशन ३० हजार, हे लोनमध्ये बसत नाही. झाले १३ लाख २६ हजार. जीएसटी लागणार असेल तर तो वेगळा. १४ मधून १.०५ बँकेला दिले तर राहिले १२.९५, म्हणजे ३१ हजार कमी. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

माझं स्पष्ट मत, ते १ लाख ५ हजार भरू नका. बँकेने स्वतःच्या सहीने माफ केलेत, कायद्याने तुम्ही देणं लागत नाही. भरून स्कोर फार तर थोडा हलेल, जुने लेट पेमेंटचे महिने तसेच राहणार. त्यापेक्षा डाउन पेमेंट जास्त दाखवा आणि एखाद्या हाउसिंग फायनान्सकडे जा, अर्धा-पाऊण टक्का जास्त लावतील, दोन वर्षांनी लोन दुसरीकडे ट्रान्सफर करा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटच्या होम लोनला फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी बंद करण्याचा दंड, लावता येत नाही.

जुना क्रेडिट ऑफिसर
बँकेत कर्ज मंजुरीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे, म्हणून त्या टेबलावरून काय दिसतं ते सांगतो.

स्कोर हा फक्त दारावरचा वॉचमन. आत गेल्यावर ऑफिसर रिपोर्टची डीपीडीची पट्टी उघडतो, म्हणजे कुठल्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा आला. तिथे ०३०, ०६०, ०९० असे आकडे असतात, ९० च्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत. मोशीकर, तुमचे हे आकडे २०२०-२२ मधले आहेत आणि नंतर सगळं स्वच्छ असेल तर त्याची फारशी अडचण नाही, कोविडची वर्षं म्हटल्यावर आम्हालाही कळायचं. अडचण त्या 'सेटल्ड'ची आहे. बऱ्याच बँकांच्या पॉलिसीत सरळ लिहिलेलं असतं की अर्जदाराच्या नावावर सेटल्ड किंवा रिटन ऑफ (बँकेने बुडीत धरलेलं) खातं नको, असलं तर फाइल वरच्या ऑफिसला डेव्हिएशनसाठी, म्हणजे अपवाद म्हणून मंजुरीसाठी, पाठवा. ब्रँच मॅनेजरला तुम्ही कितीही आवडलात तरी ती सही त्याच्या हातात नसते, आणि डेव्हिएशनच्या फाइली कशा पडून राहतात ते मी बघितलंय. म्हणून आकडेमोड यांच्याशी मी सहमत नाही. त्यांचा कायदा बरोबर आहे, पण इथे कायद्याचा प्रश्नच नाही, समोरच्याने द्यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. अर्धा टक्का जास्त म्हणजे ३८ लाखांवर महिन्याला बाराशेच्या आसपास, दोन वर्षांत ३० हजार इथेच गेले, ट्रान्सफरच्या वेळी प्रोसेसिंग फी परत, आणि तेव्हाही नवी बँक तोच रिपोर्ट उघडणार.

सात वर्षांचं जे सांगतात ते अर्धवट आहे. क्रेडिट कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवावी असा नियम आहे. सात वर्षांनी पुसलीच पाहिजे असं त्यात नाही. आणि आरबीआयच्या जून २०२३ च्या परिपत्रकात तडजोड केलेल्या कर्जदाराला नवीन कर्ज देण्याआधी किमान १२ महिन्यांचा कूलिंग पिरियड सांगितलाय, शेती कर्ज सोडून. त्यापुढे किती थांबवायचं ते प्रत्येक बँकेचं बोर्ड ठरवतं. म्हणजे कायमची बंदी नाही, पण ज्या बँकेत सेटलमेंट केली तिच्याकडे होम लोनला जाऊ नका. रिपोर्ट सुधारला तरी तिच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये तुमचं नाव राहतं.

भरायचं ठरलं तर पद्धत नीट पाळा. आधी बँकेला ईमेल करा की हे खातं सेटल्डचं क्लोज्ड करायला किती भरावं लागेल ते लेखी कळवा. थकलेल्यात व्याज आणि लेट फी किती, मूळ खर्च किती ते विचारा आणि मुद्दल तेवढं घ्या म्हणून घासाघीस करा, कधीकधी ऐकतात. खातं एखाद्या एआरसीला, म्हणजे थकीत कर्ज विकत घेणाऱ्या कंपनीला विकलेलं असेल तर पत्र तिच्याकडूनच हवं, बँकेचं चालणार नाही, रिपोर्टमध्ये कुणाचं नाव दिसतंय ते बघा. पैसे कार्डाच्या खात्यावरच भरा, रिकव्हरीवाल्याच्या यूपीआयवर अजिबात नाही. नंतर नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, त्यात 'काहीही येणे बाकी नाही' आणि 'क्रेडिट कंपन्यांना क्लोज्ड म्हणून कळवू' ही दोन्ही वाक्यं हवीत. दुसरं वाक्य नसेल तर काउंटरवरून हलू नका.

जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे पूर्वीसारखे तीन-तीन महिने जात नाहीत. तरी बदल नाही दिसला तर सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे, आणि त्यानंतर आरबीआयच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

स्लाऊची सई
मध्येच घुसते. इथे यूकेमध्ये आयव्हीए म्हणून प्रकार आहे, सगळ्या देणेकऱ्यांशी मिळून एकच करार, बहुतेक पाच-सहा वर्षं हप्ता भरायचा आणि उरलेलं माफ. सुरू झाल्यापासून सहा वर्षांनी ते क्रेडिट फाइलवरून जातं. माझ्या ओळखीच्या एकांनी त्यानंतर घर घेतलं, डिपॉझिट मात्र चांगलंच मोठं ठेवावं लागलं. भारतात साध्या नोकरदाराला असं काहीच नाही का? दिवाळखोरीचा नवीन कायदा आला होता ना?

जुना क्रेडिट ऑफिसर
आला, २०१६ चा. पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू केलाय. बाकीच्यांसाठी अजून १९०९ आणि १९२० चे इंग्रजांच्या काळातले कायदे, कार्डाच्या लाख-दीड लाखासाठी तिकडे कोण जातंय. म्हणून आपल्याकडे प्रत्येक बँकेशी वेगवेगळी तडजोड.

चहाटळ
टेलिग्रामवर 'सिबिल ७५० करून देतो, फी फक्त ९९९९' वाले भेटतील बघ. बँकेने होकार दिल्याशिवाय सिबिल एक अक्षर बदलत नाही. ते लोक तुझ्या नावाने तोच फुकटचा डिस्प्यूट टाकतात आणि वर तुझं पॅन, आधार त्यांच्याकडे जातं ते वेगळंच.

अजून एक, कुणाच्या लोनला जामीनदार राहिलायस का? असशील तर ते पण तुझ्या रिपोर्टमध्ये असतं. माझ्या चुलतभावाच्या ट्रॅक्टरचे हप्ते माझ्या नावावर बोंबलत होते.

मोशीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. जामीनदार कुठे नाही. चारही रिपोर्ट काढले, तिघांत सेटल्ड आहे, एकात रिटन ऑफ!! म्हणजे ते पण निस्तरायचं. बायकोशी बोललो, पैसे भरायचं ठरतंय, फक्त त्या ३१ हजारांचं गणित बसत नाहीये. आणि बिल्डरचा माणूस म्हणतो रविवारपर्यंत ५ लाख टोकन द्या, नाहीतर फ्लॅट जाईल.

आकडेमोड
बरं, भरताय तर भरा, मी हरलो 😄 पण गणित बसतं. फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घ्या आणि लोनला तुम्ही को-अ‍ॅप्लिकंट रहा. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी, ४८ लाखांवर ४८ हजार. दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट नाही. तुमचे ३१ निघून वर १७ उरतात, प्रोसेसिंग फीला होतील. तोटा एवढाच की मालक नसल्यामुळे तुम्हाला इन्कम टॅक्समध्ये व्याजाची वजावट नाही, पण नवीन रिजीममध्ये असाल तर राहत्या घराला ती तशीही मिळत नाही. सासरे पण खूश.

जुना क्रेडिट ऑफिसर
हे चालतं, पती-पत्नी असल्यावर बँका सहसा हरकत घेत नाहीत. मात्र को-अ‍ॅप्लिकंट म्हणून तुमचा रिपोर्ट निघणारच, तेव्हा आधी चारही ठिकाणी क्लोज्ड होऊ द्या आणि मगच अर्ज करा, तोही एकाच बँकेत. नो ड्यूजची प्रत फाइलमध्ये स्वतःहून लावा, सोबत २०२० मध्ये पगार कापल्याचं कंपनीचं पत्र असेल तर तेही. ऑफिसरने विचारायच्या आधी तुम्ही सांगितलेलं बरं.

टोकनचं, रविवार वगैरे विसरा. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायला बिल्डरला रेराने, म्हणजे बिल्डरांवरच्या नियंत्रणाच्या कायद्याने, मनाई केलीय, ४८ लाखांचे १० टक्के म्हणजे ४.८०, हा ५ मागतोय. त्याला हे तोंडावर सांगा आणि प्रोजेक्टचा नंबर महारेराच्या साइटवर टाकून बघा. फ्लॅट धरून ठेवायचाच असेल तर थोडकी रक्कम चेकने द्या आणि पावतीवर 'होम लोन नामंजूर झाल्यास पूर्ण परत' एवढं लिहून घ्या. लिहून देत नसेल तर त्याच रस्त्यावर अजून चार स्कीम आहेत.