देवकुंडला शनिवारी जायचंय, बंद आहे का? लवकर सांगा

भिजका_पोपट
नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी मित्रांचा ग्रुप देवकुंडला जातोय. गाडी ठरवलीय, ॲडव्हान्सही दिलाय. आता एक मित्र म्हणतो बंदी आहे, दुसरा म्हणतो गावातला माणूस घेतला की सोडतात. नक्की काय? बंद असेल तर तसाच दुसरा धबधबा सुचवा. आज रात्रीपर्यंत ठरवायचंय, त्यामुळे कृपया मुद्द्याचं बोला.

निवांत_नाना
कुठून निघताय? किती जण? सगळ्यांना पोहता येतं का? आमच्याकडे ज्योतिषी नाही.

ताम्हिणीकर_नव्हे
पुण्याहून असाल तर पहाटे पाचला निघा. पौडनंतर चहा मिळतो, पुढे मुळशी ओलांडलं की धुकं. ताम्हिणीत प्रत्येक वळणावर थांबायचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर पाटणूसला पोचेपर्यंत अकरा वाजतात.

भिजका_पोपट
पुण्याहून नाही, डोंबिवलीहून. मला वाटलं लिहिलंय.

ओला_मोजा
बुटांबद्दल सांगतो. स्पोर्ट्स शूज घालून कुणी येऊ नका. शेवाळलेल्या कातळावर सपाट तळव्याचा बूट म्हणजे साबण. ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट घ्या, मी दहा वर्षं तेच वापरतोय. दोन जोड मोजे, पैकी एक प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी. परतीच्या गाडीत कोरडा मोजा घालण्याचं सुख काय असतं ते ज्याने घातलाय त्यालाच कळेल.

भिजका_पोपट
बुटांचं विचारलं नव्हतं. बंद आहे की चालू?

कायद्याची_काठी
पावसाळ्यात देवकुंडला बऱ्याचदा प्रवेशबंदीचा आदेश निघतो. भिरा, पाटणूस हे माणगाव तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्हा. त्यामुळे पुणे जिल्ह्याचा आदेश वाचून ‘ताम्हिणी चालू आहे’ असं समजू नका. अंधारबनच्या ट्रेकला जाणारे तिथेच फसतात. सुरुवात पिंपरीला, पुणे जिल्ह्यात आणि उतरायचं भिऱ्याला, रायगडात. दोन्हीकडचे आदेश बघावे लागतात. माणगाव पोलीस ठाण्यात फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम.

मोकळा_वारा
बंदी म्हणजे प्रशासनाचा सोपा उपाय. रेलिंग नको, जीवरक्षक नको, सरळ जमावबंदीचं कलम १४४ लावा आणि मोकळे व्हा. आम्ही बंदीतसुद्धा गेलोय, काही होत नाही. मागच्या वाटेने जायचं.

कायद्याची_काठी
१४४ गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, आता ते कलम १६३. मोडायचंच असेल तर निदान नंबर बरोबर मोडा.

दोर_आणि_गाठ
मागच्या वाटा इथे लिहू नका ही विनंती. मी आमच्या भागात बचावाच्या कामाला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही जो फोटो पाहून देवकुंड ठरवलंय, त्यात पाणी हिरवं-निळं आहे ना? गोल डोह, तळ दिसतोय, कडेला खडकावर माणसं बसलीयत? तो पावसाळा संपल्यानंतरचा फोटो आहे. जुलैत तेच पाणी चहासारखं असतं आणि त्या खडकांवर बसायला जागा नसते. वरून धार इतक्या जोराने पडते की डोहाकडे तोंड करून उभं राहिलं तर डोळे उघडता येत नाहीत. धारेखाली पाणी माणसाला खाली दाबतं, तिथे पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो.

आणि खरा धोका डोहात नाहीच, वाटेवर आहे. भिऱ्याहून साधारण सहा किलोमीटर चालायचं, मध्ये ओढे ओलांडायचे. सकाळी जाताना पाणी घोट्याला लागतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण वर घाटमाथ्यावर बदाबदा ओततंय हे खाली कळत नाही. आमच्या भागात अशाच एका ओढ्यावर मी तीन तास बसलो होतो, पलीकडे सोळा पोरं. जाताना त्यांनी बूटसुद्धा काढले नव्हते. परतताना पाणी मांडीपर्यंत. दोर बांधून एकेकाला आणलं. एका मुलीच्या पायातला बूट पाण्याने असा ओढून नेला की नाडीची गाठ तशीच होती, बूट गेला. धडधाकट माणूसही मांडीभर वाहत्या पाण्यात उभा राहू शकत नाही, हे सांगून कुणाला पटत नाही.

पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला, यातलं एक जरी दिसलं तरी ज्या काठावर आहात तिथेच उंचावर जाऊन बसा. पलीकडे जायची घाई करू नका. ओढा जसा चढतो तसा बऱ्याचदा काही तासांत उतरतोही. अडकलात आणि रेंज असेल तर ११२.

आता नानांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. किती जण, पोहणारे किती, चालायची सवय किती जणांना?

मोकळा_वारा
सगळं मान्य, पण मग घरातच बसायचं का? रस्त्यावर अपघात जास्त होतात.

निवांत_नाना
रस्त्यावर पोपटराव रोज जातात, ओढ्यात वर्षातून एकदा. असो, धागाकर्ते कुठे गेले?

फोंड्याची_फणी
डोंबिवलीहून दूधसागरला या ना! मी गोव्यातल्या फोंड्याची. मांडवीचं पाणी, ३१० मीटर उंची, चार टप्प्यांत कोसळतो. पावसाळ्यात कुळ्याहून जीप बंद असतात आणि रुळांवरून चालायला रेल्वेची मनाई आहे. २०२३च्या जुलैत तसे आलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. पण कॅसलरॉक ते कुळे गाडीतून दिसतोच. खिडकी पकडायची, बस्स.

निवांत_नाना
ताई, त्यांना शनिवारी जाऊन शनिवारीच परत यायचंय बहुतेक.

भिजका_पोपट
जेवायला गेलो होतो. अकरा जण. टेम्पो ट्रॅव्हलर. हो, एका दिवसात परत. चौघांना पोहता येतं, म्हणजे सोसायटीच्या टँकमध्ये. चालायचं म्हणाल तर माथेरानला सगळे जाऊन आलोत. एकाचं मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण तो म्हणतो मी येणार. एक जर्मनीहून आलाय, मंगळवारी परत जातोय, म्हणून शनिवारच. त्यानेच तो फोटो पाठवला होता. आत्ता नीट बघितला, पाणी हिरवंच आहे.

दोर_आणि_गाठ
गुडघ्याचं ऑपरेशन! हे सगळ्यात वर लिहायचं असतं हो.

भिजका_पोपट
अहो, तो आता नीट चालतो. आणि मुळात मी बंदीचं विचारलं होतं.

सातवाहनांचा_शेजारी
डोंबिवलीकर आहात आणि देवकुंड कसलं शोधताय? नाणेघाट! कल्याण, मुरबाड, टोकावडे आणि मग वैशाखरे. तिथून जुनी पायवाट, बरीचशी दगड बसवलेली, सवयीच्या माणसाला दोन-अडीच तास. वर पोचलात की तो उलटा धबधबा. कड्याच्या तोंडावर पावसाळी वारा खालून असा आदळतो की खाली पडायला निघालेलं पाणी परत तुमच्या तोंडावर येतं.

पण नुसता धबधबा बघून परतू नका. घाटाच्या तोंडाशी लेणं आहे, त्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. यज्ञात दिलेल्या दानांची यादीच आहे, गाई किती, हत्ती किती, कार्षापण (तेव्हाची नाणी) किती, आणि ते आकडे अंकांत कोरलेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक, बोट ठेवून (भिंतीला न लावता) वाचता येतात. बाहेर दगडी रांजण, जकातीचा.

शंकासूर_८१
रांजण जकातीचाच याला पुरावा काय? पाण्याचा असेल. आणि शब्द नाणेघाट की नानेघाट? शेजारचा सुळका नानाचा अंगठा आहे.

सातवाहनांचा_शेजारी
परंपरेने जकातीचा म्हणतात, एवढंच मी म्हणतोय. शब्दावर वेगळा धागा काढा, मी येतो तिथे, भांडायला वेळ आहे.

निवांत_नाना
काढू नका. मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद गेले होते.

दोर_आणि_गाठ
नाणेघाट या ग्रुपला जास्त जमेल, कारण उतरून पोहण्यासारखा डोह नाही. पण दोन गोष्टी. एक, त्या कड्याला अकरा जणांचा सेल्फी नको. पाणी वर उडवणारा वारा मधेच पडतो, आणि त्याच्यावर रेलून उभा असलेला माणूस पुढे जातो. मी तिथे छातीवर झोपून खाली बघतो, पायाला मागून कुणीतरी धरलेलं असतं. दोन, तिथलाही त्या दिवसाचा आदेश आणि हवामान खात्याचा इशारा शुक्रवारी रात्री बघा. रेड अलर्ट असेल तर तिथेही नाही.

गुडघेवाल्याने वैशाखऱ्याहून चढू नये. चढेल, पण ओल्या दगडांवरून उतरताना रडेल.

ताम्हिणीकर_नव्हे
त्याला गाडीने वर न्या. माळशेज चढून जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडी थेट घाटमाथ्यावर जाते.

मोकळा_वारा
पावसात माळशेजला दरडी कोसळतात, ते चालतं वाटतं तुम्हाला?

ताम्हिणीकर_नव्हे
आत्ता तुम्हीच म्हणत होता काही होत नाही.

भिजका_पोपट
ठरलं, नाणेघाट. ग्रुपवर टाकलं, शिव्या पडल्या, पण गाडीवाल्याला चालतंय, त्यामुळे ॲडव्हान्स वाचला. गुडघेवाला वैशाखऱ्यातच एखाद्या घरी भाकरी-पिठलं सांगून गाडीत झोपणार आहे, त्याला हे फारच आवडलंय. जर्मनीवाल्याला पाणी वर उडतं असं सांगितलं तर तो मला वेडा समजतोय.

शुक्रवारी इशारा बघून परत लिहितो. तोपर्यंत एक, वर कुणीतरी बुटांचं लिहिलं होतं. ते ॲक्शनचे डोंबिवलीत कुठे मिळतात? अकरापैकी आठ जण स्पोर्ट्स शूजवाले निघाले.

ओला_मोजा
आता विचारताय!