ख्रिस्ती माणसाने राजकारणात पडावं का? शास्त्राचा आधार काय?

मोहरीचा दाणा

"मंडळीने राजकारणापासून चार हात लांब राहावं, आपलं काम आत्मे जिंकण्याचं." उपदेशात हे वरचेवर ऐकू येतं आणि मला ते शास्त्राला धरून वाटत नाही. विरोधात पुढे केली जाणारी 'मीठ आणि प्रकाश'सारखी वचनंही तोकडी वाटतात, कारण त्यातून ज्याला जे हवं ते काढता येतं.

माझी सगळी भिस्त जुन्या करारातल्या '१ राजे' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायावर आहे. अहाब राजाला महालाशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. कशाला, तर भाजीपाला लावायला! नाबोथ म्हणाला, वडिलोपार्जित वतन देणार नाही. राजा रुसून तोंड फिरवून झोपला. मग त्याची राणी ईजबेल हिने काय केलं ते नीट बघा. राजाच्या नावाने पत्रं, त्यावर राजाची मोहर, गावच्या वडीलधाऱ्यांची सभा, वर उपासाची दवंडी. साक्षीदारही दोन, कारण नियमशास्त्राला दोन लागतात. कागदोपत्री एकही चूक नाही, आणि नाबोथ दगडमाराने मेला. संदेष्टा एलीया मळ्यात जाऊन राजाला विचारतो: खून करून वर वतनही बळकावलंस?

एका सामान्य माणसाच्या जमिनीसाठी देव आपला संदेष्टा राजाकडे धाडतो. कायदा वापरून केलेला अन्याय देवाच्या लेखी 'जगाची भानगड' असती, तर हा अध्याय शास्त्रात आलाच नसता.

जकातदार

कथा उत्तम मांडलीत. पण एलीया सिंहासनात वाटा मागायला गेला नव्हता. बोलला आणि निघून गेला. सत्तेला सुनावणं वेगळं, सत्तेत बसणं वेगळं, आणि तुम्ही पहिल्याच्या जोरावर दुसरं खपवताय.

भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव येशूला धरून राजा करायला निघाला, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान ६:१५). पिलातापुढे स्पष्ट म्हणाला, माझं राज्य या जगाचं नाही. ख्रिस्ती माणसाने दंडाधिकाऱ्याचं पद घेऊ नये, असं अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी (बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा असं मानणाऱ्या पंथाने) १५२७ साली श्लाइटहाइमला लिहूनच काढलं. त्यांचा पुढारी मिखाएल झाटलर त्याच वर्षी जाळला गेला. जाळणारं सरकारही ख्रिस्तीच होतं.

मोहरीचा दाणा

मग दानीएलाचं काय करायचं? योसेफ, नहेम्या? तिघेही परक्या राजाच्या दरबारात हुद्द्यावर होते आणि शास्त्र त्यांना त्याबद्दल बोल लावत नाही. बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना यिर्मया पत्रात लिहितो, त्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा (२९:७). नगर कोणाचं? ज्याने त्यांना धरून नेलं, त्याचं!

आणि प्रेषित पौल. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशीविना छड्या मारून बंदिशाळेत टाकलं. सकाळी चोपदार निरोप आणतात की सोडा त्यांना. आपल्यातला कोणी असता तर देवाची स्तुती करत वाट धरली असती. पौल म्हणतो, आम्ही रोमी नागरिक आहोत. उघडपणे फटके मारलेत आणि आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं! त्यांना यावं लागलं, विनवण्या कराव्या लागल्या (प्रे. कृत्ये १६). नागरिकत्वाचा हक्क त्याने पुरता वाजवून घेतला.

कारकून

दोघांनाही एक विचारतो. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी विल्बरफोर्स ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं झगडला, शास्त्राच्याच प्रेरणेने. १८०७ मध्ये व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. पण बार्बाडोसमध्ये उसाचे मळे आणि त्यावर राबणारे गुलाम बाळगणारी एक मिशनरी संस्थाच होती, तिच्याही हातात तेच शास्त्र. वर त्या १८३३ च्या कायद्याने २ कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना छदाम नाही. दोन्ही बाजू वचनंच काढणार असतील, तर 'शास्त्रीय आधार' या शब्दाला काय अर्थ उरतो?

उंबरठा

कारकून, तेच शास्त्र नव्हतं हो सगळ्यांच्या हातात. त्याच १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. त्यातून मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथाच गाळली होती. फारो, पीडा, तांबडा समुद्र, सगळं गायब. पुस्तक निरुपद्रवी असतं तर कात्री कशाला लावली असती? पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नको, असं अनुवाद २३:१५ सरळ सांगतं. तुम्ही म्हणता तशी दोन्ही बाजूंची वचनं सारख्या वजनाची नाहीत.

जकातदार

उंबरठा, "दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा" हे मात्र त्या आवृत्तीत शाबूत होतं, आणि ते पूर्ण बायबलातही आहेच. ते कोणी घुसडलेलं नाही.

दानीएलाबद्दल: तो अल्पसंख्य होता, परक्याच्या राज्यात. त्याने बाबेलला यहूदी राष्ट्र करायचा घाट घातला नाही. मला भीती दानीएलाची नाही. राजा आपल्याच मंडळीतला निघाला की अहाबाला अहाब म्हणणार कोण? तेव्हा सगळे 'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' सांगणारं रोमकरांस १३ काढतात, सत्तेला श्वापद म्हणणारं प्रकटीकरण १३ कोणी उघडत नाही.

मोहरीचा दाणा

संदेष्टा नाथान. दावीद आपलाच राजा, देवाचा आवडता, तरी त्याने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलं तेव्हा नाथानाने तोंडावर सांगितलं, "तो माणूस तूच."

जकातदार

त्याच नाथानाचा पुढचा भाग १ राजे १ मध्ये आहे. दावीद थकलाय, त्याचा मुलगा अदोनीया याने स्वतःला राजा म्हणवून घेतलंय. नाथान शलमोनाच्या आईला, बथशेबेला, शिकवतो, तू आत जाऊन असं असं बोल, तुझं चालू असतानाच मी मागून येतो आणि दुजोरा देतो. शलमोन गादीवर बसला. आणि त्यानंतर शलमोनाने वेठबिगार लावली, तेव्हा त्याला "तो माणूस तूच" म्हणायला नाथान गेल्याचं कुठे दिसतं का?

मोहरीचा दाणा

नाही दिसत. पण त्याच शलमोनाच्या राज्यात यराबामासमोर आपल्या अंगावरचा झगा फाडून बारा तुकडे करणारा अहीया दिसतो (१ राजे ११), आणि तोही संदेष्टाच. एक गप्प बसला म्हणून दुसऱ्याने घरी बसावं, असं त्यातून निघत नाही.

कारकून

अहीयाने दहा तुकडे, म्हणजे दहा वंशांचं राज्य, यराबामाला दिलं आणि त्याने पुढे पूजेला सोन्याची वासरं उभी केली. म्हणजे संदेष्ट्याने पुढे आणलेला उमेदवारही बिघडलाच की.