मदत हवी आहे : गालातल्या गाठीत नेमकं कोणतं फिलर?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, गंगापूर रोडवर लहानशी पॅथॉलॉजी लॅब चालवते. काल एका बाईंच्या गालातल्या गाठीची पंच बायोप्सी (तपासणीसाठी काढलेला छोटा गोल तुकडा) आली. चार वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाआधी त्यांनी 'ग्लोचं इंजेक्शन' (म्हणजे बहुधा फिलर, चेहरा भरलेला दिसावा म्हणून त्वचेखाली टोचतात तो पदार्थ) घेतलं होतं, एवढंच त्यांना आठवतं. कागद नाही, बाटलीचं नाव नाही.

स्लाइडवर ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके) भरपूर, जायंट सेल्सही (पेशी एकत्र येऊन झालेल्या मोठ्या पेशी). आपल्याकडे ग्रॅन्युलोमा दिसला की हात आधी टीबीकडेच जातो, म्हणून झेडएन (टीबीचे जंतू दाखवणारं रंजन) करून घेतलं, निगेटिव्ह. मधे गोल, रिकाम्या पोकळ्या आहेत. पोलराइज्ड प्रकाशात काहीही चमकत नाही, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचं फिलर बाजूला पडलं, ते चमकतं. निळसर, चिकट साका नाही आणि अल्शियन ब्लू हे रंजनही निगेटिव्ह, तेव्हा हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर वाटत नाही. कॅल्शियमवाल्या फिलरचे निळसर-करडे गोळेही नाहीत.

उरले दोघं: पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिकचे बारीक गोळे) आणि सिलिकॉन. पीएमएमएच्या पोकळ्या सारख्या मापाच्या, साधारण ३० ते ५० मायक्रॉन. सिलिकॉनच्या लहान-मोठ्या, चाळणीसारख्या. माझं घोडं इथेच अडलंय. बहुतेक पोकळ्या ४० च्या आसपास, पण एका कोपऱ्यात अगदी बारीक आणि दुप्पट मोठ्याही आहेत. गोळा तिरका किंवा कडेला कापला गेला तर लहान दिसेल, मान्य. दुप्पट कसा दिसेल? दोन वेगळी फिलर्स एकाच गालात असू शकतात का? कुणी असं मिश्रण पाहिलंय? डीपर सेक्शन्स (त्याच तुकड्याचे आणखी खोलवरचे काप) उद्या येतील. रिपोर्टमध्ये 'फॉरेन बॉडी ग्रॅन्युलोमा' (बाहेरच्या पदार्थाभोवती झालेला ग्रॅन्युलोमा) एवढंच लिहून मोकळं व्हायचं जिवावर आलंय.