ऑफिसचा फोन रात्री खाली कसा ठेवावा?

जुईचा वेल

नमस्कार. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे आणि आमचा क्लायंट अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आहे. त्यांची सकाळी साडेनऊची रोजची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की तीच बैठक थेट मार्चपर्यंत रात्री आठला भरते, त्यामुळे आमच्या घरची जेवणाची वेळ वर्षातून दोनदा अमेरिका ठरवते. बैठकीबद्दल माझी तक्रार नाही, कारण ती ठरलेली असते आणि केव्हातरी संपते. त्रास होतो तो त्यानंतरच्या तीन तासांचा. त्या वेळात प्रत्यक्ष काम फारसे नसते, पण फोन ताटाशेजारी पालथा पडलेला असतो आणि माझा अर्धा जीव त्यात अडकलेला असतो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. मी ओट्याशी मेथी निवडत होते, आणि चौथीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने त्यांना दारातूनच "आई कॉलवर आहे" असे सांगून परत पाठवले. ती खोटे बोलली नव्हती. माझ्याकडे पाहून तिला खरोखरच तसे वाटले होते.

सूचना बंद करून पाहिल्या, तर दर दहा मिनिटांनी मीच ॲप उघडून बघू लागले. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला, तर कसले ना कसले निमित्त काढून तिकडे फेऱ्या सुरू झाल्या. मन खंबीर करा, योगासने करा, हे सल्ले घरातून पुरेसे मिळाले आहेत. कामाच्या व्यवस्थेत नेमके काय बदलले तर उपयोग होतो, हे अनुभवातून कोणी सांगू शकेल का?

रात्रपाळी

मी अनेक वर्षे प्रॉडक्शन सपोर्टमध्ये, म्हणजे चालू यंत्रणेतले बिघाड निस्तरण्यात काढली आहेत, त्यामुळे हा आजार ओळखीचा आहे. अँड्रॉइड फोनवर कामाची ॲप्स 'वर्क प्रोफाइल'मध्ये वेगळी ठेवता येतात आणि ती प्रोफाइल ठरावीक वेळी थांबवता येते. मग मेल, टीम्स वगैरे सगळे एकदम झोपते आणि घरचे व्हॉट्सॲप मात्र चालू राहते. तुमच्या कंपनीने ही सोय दिली असेल तर अवश्य वापरा, पण माझ्या मते हा उपाय दुय्यम आहे.

आमच्याकडे खरा फरक पडला तो ऑन-कॉलचा तक्ता लागल्यावर. एका आठवड्याला एकच माणूस जबाबदार, त्याला बदली सुट्टी, आणि रात्री फोन कशासाठी करायचा याची क्लायंटशी लेखी व्याख्या. बिलिंग बंद पडले किंवा ग्राहकांना लॉगिन करता येईना, तर फोन करा. अहवालातला रकाना सरकला असेल तर सकाळपर्यंत थांबा. ही व्याख्या होण्यापूर्वी प्रत्येक तिकिटावर, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीवर, 'अतितातडीचे' असाच शिक्का असायचा. संदेश मात्र फोन नव्हे. खरोखर आग लागली तर माणूस फोन करतो, चॅटमध्ये "हाय, आहात का?" लिहून वाट पाहत बसत नाही.

जुना ऑपरेटर

ताई, मी सॉफ्टवेअरमधला नाही. माझी नोकरी १३२ केव्हीच्या वीज उपकेंद्रात शिफ्ट ऑपरेटर म्हणून झाली आणि आता मी निवृत्त आहे. आमचे यंत्र तर कधीच बंद होत नसे, तरीही ड्युटी संपल्यावर मी घरी शांतपणे जेवत असे. हे कसे जमत होते, याचा विचार तुमचा प्रश्न वाचून प्रथमच केला.

शिफ्ट बदलताना आमच्याकडे 'चार्ज देणे' असा शब्द होता. येणारा माणूस समोर उभा राहिल्याशिवाय जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. मग दोघांनी लॉगबुक उघडायचे, कोणता फीडर, म्हणजे बाहेर जाणारी लाइन, बंद आहे, कोणत्या ट्रान्सफॉर्मरचे तेल तापते आहे, कोणाच्या नावावर परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करण्याची लेखी परवानगी, निघाले आहे, हे सगळे वाचून दाखवायचे, आणि येणाऱ्याने 'चार्ज घेतला' असे लिहून वेळ टाकून सही करायची. परमिटचा नियम तर आणखी कडक होता. ज्याच्या नावावर परमिट निघाले, त्याने लाइनवरची माणसे आणि अर्थिंग काढून ते परत केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही, मग फोनवर कोणीही कितीही ओरडो. त्या सहीनंतर उपकेंद्रात काहीही झाले तरी ते बघणारा एक माणूस तिथे नावानिशी हजर आहे, हे मला ठाऊक असे. रिलीव्हर आला नाही की सलग सोळा तास काढावे लागत, आणि ऐन दिवाळीत ते हटकून व्हायचे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तुम्ही रात्री साडेआठला चार्ज कोणाला देता? कोणालाच देत नसाल, तर फोन कुठल्याही खोलीत ठेवला तरी ड्युटी तुमचीच चालू आहे, आणि तुमच्या मनाला ते बरोबर कळते आहे.

कलम आणि पोटकलम

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी काही वर्षे लढा दिल्यानंतर १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्या सुट्टीला गिरणीचे फाटक होते, फाटक बंद झाले की काम बंद. आता फाटकच खिशात आले आहे आणि कायदा अजून तेथवर पोहोचलेला नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा जादा कामासाठी दुप्पट दराने मोबदला द्यायला सांगतो, पण व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरच्या माणसांना तो लागू होत नाही, आणि 'टीम लीड' म्हटले की कंपनी नेमके तेच पद पुढे करते. उलट, राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १० तास करण्यास मंजुरी दिली.

कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. ते खासगी विधेयक होते, म्हणजे सरकारने नव्हे तर एका खासदाराने मांडलेले, आणि १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेले नाही, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नका. फ्रान्समध्ये अशी तरतूद १ जानेवारी २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. ऑस्ट्रेलियाची मांडणी मला अधिक व्यवहारी वाटते: कर्मचारी उत्तर द्यायला नकार देऊ शकतो, मात्र तो नकार अवाजवी नसावा, आणि ते ठरवताना संपर्काचे कारण, कर्मचाऱ्याचे पद आणि त्या वेळेसाठी त्याला मोबदला मिळतो का, हे पाहिले जाते. कंपनीशी बोलताना हे तीन मुद्दे तुम्हालाही वापरता येतील.

खाडीकाठ

थोडा वेगळा सूर लावते, राग नसावा. मी चिपळूणजवळच्या गावातून काम करते. सासऱ्यांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते, तेव्हा मी दुपारी चार तास गायब असते आणि ते काम रात्री दहानंतर भरून काढते. उद्या कंपनीने संध्याकाळी सातला सर्व्हर बंद केले तर माझी नोकरी जाईल. म्हणून सरसकट बंदीची भाषा ऐकली की मला धास्ती वाटते. मी रात्री मेल लिहिते, पण तो सकाळी साडेनऊला जाईल अशी वेळ लावून ठेवते. माझी रात्र माझ्या सोयीची आहे, ती दुसऱ्याच्या उशाशी जाऊन वाजायला नको.

जुईचा वेल

सर्वांचे आभार. काका, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. आमच्याकडे रात्री चार्ज कोणाकडेच नसतो. टीममधले सहाही जण आपापल्या घरी अर्धे जागे असतात. खाडीकाठ, तुमचे वाचून मी टीमच्या चॅटमधले गेल्या आठवड्याचे रात्री नऊनंतरचे संदेश मोजले. एकूण तेवीस होते आणि त्यांतले चौदा माझे होते. बहुतेक "उद्या आठवण करा" अशा धर्तीचे.

सोमवारपासून आम्ही तक्ता लावला आहे. बैठक संपली की त्या आठवड्याचा माणूस "चार्ज घेतला" असे लिहितो, अगदी याच शब्दांत. पहिल्या रात्री मी तरीही तीनदा डोकावले, दुसऱ्या रात्री एकदा. व्यवस्थापकांनी बदली सुट्टी तोंडी कबूल केली आहे, ती लेखी घेणे बाकी आहे.

आता हिवाळ्याचे तेवढे राहिले. क्लायंटने बैठक त्यांच्या साडेआठला घेतली तर आमची सातची वेळ टिकते. अशी विनंती कोणी केली असल्यास ती क्लायंटच्या मॅनेजरकडे करावी की आधी आपल्या अकाउंट मॅनेजरमार्फत न्यावी?

रात्रपाळी

अकाउंट मॅनेजरमार्फतच न्या, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच न्या. नोव्हेंबर उजाडला की त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्ट्यांची गडबड सुरू होते आणि मग तो विषय मार्चपर्यंत कोणी हातात घेत नाही.