मदत हवी आहे : सभासदांची कागदपत्रे सुरक्षित पाठवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

सर्वांना नमस्कार. रावेर तालुक्यातील आमच्या केळी उत्पादक गटाचे दप्तर मी सांभाळतो. सभासदांच्या आधार कार्डांच्या, सातबारा उताऱ्यांच्या आणि बँक पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती मला जळगावच्या हिशेबनिसांकडे ईमेलने पाठवाव्या लागतात, आणि लोकांनी विश्वासाने दिलेले हे कागद आजवर मी पासवर्ड नसलेल्या साध्या झिप फाइलमध्ये (अनेक फाइली एकत्र बांधून आकार कमी करणाऱ्या फाइलमध्ये) पाठवत आलो, याची आता फार काळजी वाटते.

झिप फाइलला पासवर्डचे कुलूप लावण्याची जुनी झिपक्रिप्टो पद्धत कमकुवत असल्याने एईएस-२५६ ही मजबूत पद्धत निवडावी, एवढे मला समजले आहे. परंतु झिपमध्ये पासवर्ड घातला तरी आतील फाइलींची नावे दिसतात, आणि आमच्या फाइलींना तर सभासदाचे नाव व जमिनीचा गट क्रमांकच दिलेला असतो. अशा फाइली बनवणारे सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर मोफत असून त्याच्या सेव्हन-झेड या फाइल प्रकारात नावेही झाकता येतात. विनरार या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहेच, शिवाय फाइल बिघडल्यास दुरुस्तीसाठी रिकव्हरी रेकॉर्ड (जादा माहिती) जोडता येतो. मात्र त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो.

स्कॅन जेपीईजी, म्हणजे आधीच आकार कमी केलेल्या चित्र-फाइली असल्याने त्यांचा आकार फारसा घटणार नाही, हे मला मान्य आहे. हिशेबनीस पुष्कळदा मोबाइलवरच फाइल उघडतात, म्हणून अँड्रॉइडवरही अडचण न येणारा पर्याय कोणता, आणि पासवर्ड त्यांना कसा कळवावा, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.