मदत हवी आहे: लो नॉइज ॲम्प्लिफायरच्या इव्हॅल्युएशन बोर्डावर गेन कमी, सिग्नलच्या दोन्ही बाजूंना नको असलेले सिग्नल

नमस्कार,

२.४ गिगाहर्ट्झवर वापरायच्या एका लो नॉइज ॲम्प्लिफायरच्या (क्षीण सिग्नलमध्ये फारसा नॉइज न मिसळता तो वाढवणाऱ्या चिपच्या) इव्हॅल्युएशन बोर्डाची, म्हणजे चिप आजमावण्यासाठीच्या बोर्डाची, चाचणी घेत आहे. डेटाशीटमध्ये चिपचा गेन (सिग्नल किती वाढतो ते) १८ डेसिबल दिला आहे, मला १६.३ मिळतो.

गेन मोजणाऱ्या नेटवर्क ॲनालायझरचे कॅलिब्रेशन केबलच्या टोकांपर्यंत शॉर्ट, ओपन, लोड आणि थ्रू (दोन्ही टोके थेट जोडणारी जोडणी) लावून केले आहे. त्यानंतर थ्रू पुन्हा जोडून पाहिला असता रेषा ०.०५ डेसिबलच्या आत शून्यावर राहते, आणि सर्व एसएमए कनेक्टर टॉर्क पान्याने आवळलेले आहेत, त्यामुळे केबलवर संशय घ्यायला जागा दिसत नाही. ॲम्प्लिफायर कॉम्प्रेशनमध्ये जातो आहे का (जास्त पॉवरमुळे गेन घटतो आहे का) हे पाहण्यासाठी इनपुट पॉवर उणे २० वरून उणे ४० डीबीएमपर्यंत (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये) उतरवली. गेन जराही वाढला नाही. कनेक्टर आणि ट्रेस यांचा तोटा बोर्डावरच्याच थ्रू लाइनवर मोजला, तो दोन्ही बाजूंचा मिळून ०.५ डेसिबल आहे. म्हणजे १.२ डेसिबलचा हिशेब लागत नाही.

खरी अडचण स्पेक्ट्रम ॲनालायझरवर दिसली. सिग्नल जनरेटरमधून उणे ४० डीबीएमचा स्वच्छ सिग्नल दिला, तरी आउटपुटला मूळ सिग्नलच्या दोन्ही बाजूंना, सुमारे ५ मेगाहर्ट्झ अंतरावर, दोन छोटी शिखरे उभी राहतात. पॉवर सप्लायच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन जवळ आणल्या की ही शिखरे मुख्य सिग्नलपासून आणखी दूर सरकतात, आणि तारा टेबलावर फाकवून ठेवल्या की पुन्हा जवळ येतात. त्याच वेळी सप्लायवरचा करंटही २ ते ३ मिलिॲम्पियरने बदलतो, जो एरवी ६० मिलिॲम्पियरवर स्थिर असायला हवा.

यावरून माझा तर्क असा की बायस सर्किट (चिपला स्थिर व्होल्टेज-करंट देणारे सर्किट) आंदोलित होत आहे. जाऊन-येऊन मीटरभर तारेचे इंडक्टन्स अंदाजे १ मायक्रोहेन्री धरले आणि चिपजवळ १००० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर असेल, तर रेझोनन्स ५ मेगाहर्ट्झच्या आसपासच येतो. बोर्डाच्या आकृतीत सप्लायच्या पिनांजवळ मोठ्या कॅपॅसिटरची जागा आहे, पण प्रत्यक्ष बोर्डावर ती रिकामी आहे. ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता विचारायचे ते असे. त्या रिकाम्या जागी १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावला, तर त्याचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की तारांबरोबर तो स्वतःच ५० किलोहर्ट्झच्या जवळ आंदोलित होऊ लागेल, अशी मला भीती आहे. अशा वेळी टँटलम वापरणे योग्य, की सिरॅमिकच्या सीरीजमध्ये १ ओहमचा रेझिस्टर घालावा? रेझिस्टर कॅपॅसिटरच्याच वाटेत असल्याने सप्लायचे व्होल्टेज घटणार नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे. परंतु चिपजवळचा १००० पिकोफॅरड तसाच राहिल्यावर एवढे डॅम्पिंग (आंदोलने शमवणे) पुरते का, हे ज्यांनी असे बोर्ड हाताळले आहेत त्यांनी कृपया सांगावे. तसेच, या बदलानंतर नॉइज फिगर (ॲम्प्लिफायर स्वतः किती नॉइज मिसळतो ते) मोजून डेटाशीटशी ताडणे आपण ग्राह्य धराल का, की आधी उत्पादकाकडून पूर्ण भरलेला बोर्ड मागवावा?