चोवीस तासांची ऑफर आणि 'रडके' पालक

बाकावरची_आई

'ट्रायआउट आणि रडके पालक' ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की इथे अमेरिकेत ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या (म्हणजे फी घेऊन गावोगावच्या स्पर्धांना जाणाऱ्या टीमच्या) कोचने ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी झाल्यावर चोवीस तासांत होय-नाही मागितलं तर त्यात दबाव कसला? नोकरीच्या ऑफरलाही मुदत असतेच. ज्यांना झेपत नाही त्यांनी मुलीला रेक लीगमध्ये, म्हणजे गावातल्या हौशी खेळात ठेवावं.

अहो, नोकरीच्या ऑफरमध्ये पगार लिहिलेला असतो, हुद्दा लिहिलेला असतो. इथे तेरा वर्षांची पोर ऑगस्टच्या उन्हात ग्राउंडर (जमिनीलगत येणारे बॉल) उचलून येते, खिळ्यांचे बूट अजून पायातच असतात, आणि कोच आपल्या देखत तिलाच सांगतो, "यू आर अवर गर्ल." मग आपल्याला पार्किंगमध्ये बाजूला घेतो. ५०० डॉलर डिपॉझिट, परत मिळणार नाही, दोनच जागा उरल्यात, उद्या दुपारपर्यंत कळवा. पिचर, म्हणजे बॉल टाकणाऱ्या, किती घेतल्या? "अजून ठरतंय." कॅचर (विकेटकीपरसारखी) कोण? "ओपन कॉम्पिटिशन." वर्षाची फी? "साधारण अडीच-तीन हजार, स्पर्धांवर आहे." हॉटेल वेगळं, आणि तेही 'स्टे टु प्ले' म्हणजे स्पर्धेवाल्यांच्या यादीतलंच, त्यांच्याच दराने.

आधी पोरीला सांगतात ना, तिथेच आपले हात बांधले जातात. गाडीत बसेपर्यंत तिने मैत्रिणींना कळवलेलं असतं. त्यानंतर 'थांब, विचार करू' म्हणणारी आई खलनायिका.

आमच्या 'दोनच जागां'चं पुढे काय झालं ते सांगते. पहिल्या प्रॅक्टिसला कळलं की पिचर चार. त्यातल्या दोन कोच लोकांच्या मुली, जूनमधल्या 'प्रायव्हेट वर्कआउट'मध्येच पक्क्या झालेल्या. आमची शनिवारच्या पूल गेममध्ये, म्हणजे साखळी सामन्यांत, दोन इनिंग टाकायची. रविवारी ब्रॅकेट, म्हणजे बाद फेरी, सुरू झाली की बाक. चार पिचर घ्या, सहा घ्या, पण डिपॉझिट घेण्याआधी सांगा. मुदतीला माझी हरकत नाही. माहिती दाबून घड्याळ चालू करायला आहे.

पिचरचे_बाबा

ती पोस्ट माझी नाही, पण बाजू माझी आहे. १४-यू (चौदा वर्षांखालच्या) टीमचा असिस्टंट कोच आहे, फुकट. उलट माझ्याच खिशातून बॉलच्या बादल्या जातात.

पालकांच्या प्रामाणिकपणावर कधी धागा काढणार? गेल्या ऑगस्टमध्ये एका कुटुंबाने ऑफर घेतली, मुलीने जर्सीचा नंबर निवडला, ग्रुपमध्ये हार्ट टाकले. काही दिवसांनी रात्री अकराला मेसेज, 'वुई डिसाइडेड टु गो इन अ डिफरंट डायरेक्शन.' शेजारच्या शहरातल्या 'गोल्ड', म्हणजे वरच्या दर्जाच्या टीमने बोलावलं होतं. तोवर आम्ही ज्या मुलींना नाही म्हटलं त्या दुसरीकडे गेलेल्या. नॅशनल्स जुलैअखेर संपतात आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्याच टीमच्या ट्रायआउट उरकतात. बारा जणींचं रोस्टर, त्यात एक पिचर गेली की सीझन गेला. विंडमिल (हात गोल फिरवून खालून) टाकणारी मुलगी सप्टेंबरमध्ये कुठून आणू?

चार पिचर का, तेही सांगतो. १२-यूमध्ये पिचर ते होम प्लेट अंतर ४० फूट, १४-यूमध्ये ४३. त्या तीन फुटांत निम्म्या मुलींचा ड्रॉप बॉल (शेवटी झपकन खाली पडणारा) बिघडतो. वीकेंडला पाच गेम. दोन पिचरवर जो कोच चालवतो तो मुलींचे खांदे खातो. आणि त्या चोवीस तासांत पालक काय करतात ते ठाऊक आहे, आणखी तीन कोचना मेसेज टाकतात, 'वुई हॅव अॅन ऑफर, बट...'

टेक्सासकर

अर्थातच टाकतात. पैसे माझे, पोरगी माझी, चार दुकानं फिरणारच.

मला चीड येते ती 'कॉलेज एक्सपोजर'ची. १०-यूच्या फ्लायरवर विद्यापीठांचे लोगो! एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची संघटना) २०१८ मध्ये नियम केला, की डिव्हिजन वनचा, म्हणजे सर्वात वरच्या गटातल्या कॉलेजचा कोच अकरावीच्या १ सप्टेंबरआधी मुलीशी रिक्रूटिंगचं बोलू शकत नाही. त्याआधी आठवीतल्या मुली तोंडी 'कमिट' व्हायच्या, तो तमाशा बंद व्हावा म्हणून. तरी ट्रायआउटला सांगतात, "आमच्या कॉन्टॅक्टमुळे बाराव्या वर्षीच नजरेत येईल." शिवाय २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या अख्ख्या टीमला मिळून बारा स्कॉलरशिप, त्याही तुकडे करून वाटायच्या. आता तो हिशोब बदललाय, नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना २५ खेळाडूंची मर्यादा आहे आणि कोणाला किती द्यायचं ते त्यांचं ते बघतात. पण ट्रायआउटच्या तंबूत यातलं अक्षर कोणी सांगत नाही. आणि आपल्या लोकांचा डोळा आयव्हीवर, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या कॉलेजांवर, जिथे खेळाची स्कॉलरशिप मुळातच नसते.

बॅटचे ४०० डॉलर, पिचिंग लेसन, विमानं, हे सगळं ५२९ खात्यात (कॉलेजच्या खर्चासाठीच्या बचत खात्यात) टाकलं असतं तर...

पिचरचे_बाबा

आलं ५२९. वाटच बघत होतो.

कोच बोलू शकत नाहीत, बघू तर शकतात ना? चार जुलैच्या आसपास कोलोरॅडोतल्या स्पर्धांना जाऊन बघा, कुंपणाला लागून किती कॉलेजच्या टोप्या दिसतात.

टेक्सासकर

त्या १६-यू, १८-यूच्या मैदानांवर. १०-यूच्या कुंपणाला लागून आज्या असतात.

जुना_शॉर्टस्टॉप

तुमची दुःखं वाचून हसू येतंय. मी महाराष्ट्रात जिल्ह्याकडून सॉफ्टबॉल खेळलोय. आमच्याकडे निवड चाचणीच्या सकाळी यादी टाइप होऊन तयार असायची, फक्त बॅटिंग कोणी केली ते नंतर भरायचं. एका ग्लोव्हमध्ये तिघं फिल्डिंग करायचो. तुम्हाला निदान ५०० डॉलर मागताना 'वुई लव्ह हर' तरी म्हणतात. नाही आवडलं तर पुढच्या गल्लीत दुसरी टीम आहे. आम्हाला दुसरा जिल्हा कुठून आणायचा?

सडेतोड

महाराष्ट्रातलं सॉफ्टबॉल म्हणजे दहावीच्या ग्रेस मार्कांची सोय. आमच्या वर्गात निम्म्या 'राज्यस्तरीय खेळाडूंना' फेअर आणि फाउल बॉलमधला फरक माहीत नव्हता. तुलना कुठे करताय?

जुना_शॉर्टस्टॉप

ज्याने कधी स्लाइड करून मांडी सोलून घेतली नाही त्याने बोलू नये. माझी धाकटी बहीण या खेळावर ५ टक्के खेळाडू आरक्षणातून पोलिसात लागली. सकाळी पाचला शाळेच्या मैदानात, मुरुमावर, डाइव्ह मारायची. तिच्या आयुष्याला आकार देणारा खेळ तुम्हाला 'सोय' वाटतो?

सडेतोड

तुमच्या बहिणीबद्दल आदर आहे. पण बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटणारे पकडले गेले ते काय आकाशातून पडले? पडताळणीचा फास आवळावा लागला तो उगाच का? 'निवड चाचणी नावापुरती' असं तुम्हीच वर लिहिलंय. त्याच कारखान्यातून ती प्रमाणपत्रं निघतात.

जुना_शॉर्टस्टॉप

यादी आधी ठरायची असं लिहिलं, यादीतल्या मुली खेळत नव्हत्या असं नाही लिहिलं. वाचायला शिका.

बाकावरची_आई

ग्रेस मार्कांसाठी वेगळा धागा काढा ना कृपया. डिपॉझिटबद्दल बोलत होतो आपण.

सडेतोड

विषय एकच आहे ताई. यादी आधी ठरलेली, चाचणी दाखवण्यापुरती. तिकडे ती सरकारी कागदावर असते, इकडे इन्स्टाग्रामवर. पिचरचे बाबा, सरळ विचारतो. तुमच्या टीममध्ये ट्रायआउटला पन्नास मुली येतात तेव्हा खऱ्या मोकळ्या जागा किती असतात?

पिचरचे_बाबा

वर्षावर अवलंबून.

सडेतोड

गेल्या वर्षी?

पिचरचे_बाबा

तीन. मुली पन्नास नव्हत्या. जुन्या नऊ जणी राहणार होत्या, हे जुलैपासून सगळ्या गावाला माहीत होतं.

टेक्सासकर

गावाला माहीत. शेजारच्या गावाहून दीड तास गाडी हाकत आलेल्यांना?

पिचरचे_बाबा

जाहिरातीत 'तीनच जागा' लिहिलं तर चांगली मुलगी येतच नाही. आणि कधी कधी बाहेरची एखादी अशी निघते की जुनीला जावं लागतं.

बाकावरची_आई

म्हणजे त्या नऊ जणींनाही 'तुझी जागा पक्की' सांगितलेलं आणि तेही खरं नाही. वा.

आणि तुमची मुलगी पिच करते ना? रविवारी?

पिचरचे_बाबा

हो, करते. आणि चांगली करते. 'डॅडी बॉल', म्हणजे बाप कोच म्हणून पोरगी खेळते, असं म्हणायचं असेल तर म्हणून टाका, घुटमळू नका. तिचा ईआरए (पिचरची सरासरी) पाठवू का?

बाकावरची_आई

पाठवा. सोबत चौथ्या नंबरच्या पिचरने रविवारी किती इनिंग टाकल्या तेही पाठवा.

नॉर्थ_कॅरोलायनावाली

जरा वेगळा अनुभव. आमच्या कोचने ऑफर इमेलने दिली, आईबापांना, मुलीला नाही. तीन पिचर, दोन कॅचर, तुमची मुलगी दुसरी कॅचर आणि उजवं मैदान. फी किती, त्यात काय येतं, १५ ऑगस्टपर्यंत सोडलं तर डिपॉझिट परत, नंतर नाही. आम्ही चार तासांत होय म्हटलं. मुदत त्यांनी दिलीच नव्हती.

पिचरचे_बाबा

१५ ऑगस्टपर्यंत परत? मग १४ला पाच जणी सोडतील.

नॉर्थ_कॅरोलायनावाली

एक गेली. वेटिंगवरची आली.

पिचरचे_बाबा

तुमच्याकडे भली माणसं राहतात बहुतेक.

बरं, ऐका. या वर्षी इमेलमध्ये पिचर किती आणि मोकळ्या जागा किती, ते लिहायला हेड कोचला सांगतो. ऐकेल याची खात्री नाही. डिपॉझिट परत करण्याचं मात्र माझ्याकडून नाही, कारण डिसेंबरपर्यंतच्या इनडोअर जागेचे पैसे ऑगस्टमध्येच भरावे लागतात. आणि बदल्यात पालकांनी ऑफर हातात असताना दुसऱ्या ट्रायआउटला जायचं नाही.

टेक्सासकर

ते शक्य नाही.

पिचरचे_बाबा

बघा. प्रामाणिकपणा फक्त कोचने दाखवायचा.

बाकावरची_आई

मला चालेल. इमेल आधी आला तर दुसरीकडे जाणार नाही. पोरीला मैदानावर गाठलंत तर जाईन, आणि सांगून जाईन.

१०यूची_नवी_आई

शनिवारी पहिलीच ट्रायआउट आहे. मुलीच्या हाताला ११ इंचांचा बॉल आत्ताशी बसायला लागलाय. इतकं सगळं विचारायचं असतं हे माहीतच नव्हतं. कोचला राग नाही ना येत?

टेक्सासकर

लोगोवाला फ्लायर दिसला तर घरी या.

पिचरचे_बाबा

विचारा, पण रांगेत नको, शुक्रवारी इमेल करा. आणि २०२८च्या ऑलिंपिकचं नाव घेणाऱ्या कोचपासून लांब राहा, तुमची मुलगी तेव्हाही मिडल स्कूल नाहीतर हायस्कूलमध्ये असेल. हे मी कोच असून सांगतोय.

बाकावरची_आई

आणि ऑफर मुलीला नाही, तुम्हाला द्यायची, हे आधीच लिहून टाका. राग येणाऱ्यांना येऊ दे.

जुना_शॉर्टस्टॉप

@सडेतोड, वाढीव गुणांबद्दल एक राहिलंच. ज्या मुली सराव करून, सहामाहीचे पेपर बुडवून स्पर्धेला गेल्या त्यांनी ते गुण घेऊ नयेत का? होय की नाही, एवढंच सांगा.

सडेतोड

आधी हे सांगा, तुम्ही स्वतः घेतलेत का?

जुना_शॉर्टस्टॉप

घेतले. आणि गणितात पास झालो. पुढे बोला.